फू मिंगश्या: सगळ्यांना तिचं तेरावं वर्ष आठवतं, मला बाविसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चीनची फू मिंगश्या तेराव्या वर्षी ऑलिम्पिक विजेती झाली. मग डायव्हिंग हा लहान मुलींचाच खेळ आहे का? आणि माझी मुलगी अकराव्या वर्षी सुरू करतेय, तिला उशीर झाला का?

मी स्वतः बारा-तेरा वर्षं स्पर्धांमध्ये उड्या मारल्या आणि गेली वीसेक वर्षं शिकवते. जवळजवळ प्रत्येक नवीन पालक मला हे नाव ऐकवतो, आणि प्रत्येकाला तिची अर्धीच गोष्ट माहीत असते. त्यामुळे जरा लांबण लागली तरी पूर्ण सांगते. मुलीचं उत्तर त्यातच आहे.

फूचा जन्म १६ ऑगस्ट १९७८ चा, हुबेई प्रांतातल्या वुहान शहरातला. पाचव्या वर्षी ती मोठ्या बहिणीच्या मागोमाग जिम्नॅस्टिक्सला गेली. तिथे तिचं अंग पुरेसं लवचीक नाही असं ठरलं आणि तिला डायव्हिंगकडे वळवलं. तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. कमरेला दोरी बांधून तिला उडी मारायला लावायचे आणि नंतर दोरीनं ओढून काठाला आणायचे, ही गोष्ट तिच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. ऐकायला रोमांचक वाटते. मला मात्र ती ऐकताना दर वेळी पोटात गोळा येतो, कारण पाण्याची भीती आणि उंचीची भीती एकाच वेळी अंगावर घेणं म्हणजे काय, ते मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. दोन्हींपैकी एक तरी आधी मोडून काढावी लागते.

पुढे प्रशिक्षक यू फेन यांनी तिला हेरलं आणि ती बीजिंगला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात आली. वय नऊ-दहा. आईवडील वुहानला, ही बीजिंगला, भेट वर्षातून एखाद-दोनदा. दिवसाला सहा-सात तास सराव, त्यातला बराचसा पाण्याबाहेर: ट्रॅम्पोलिन, कमरेला पट्टा बांधून कोलांट्या, मॅटवर हातांवर उभं राहणं. चीनच्या डायव्हिंगचं रहस्य विचारणाऱ्यांना मी हेच सांगते की ते कोरड्या जमिनीवर आहे. प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे उंचावरच्या न हलणाऱ्या कट्ट्यावरून, एका सत्रात किती उड्या होणार? जिना चढा, उडी मारा, बाहेर या, पुन्हा चढा. तेवढ्या वेळात जमिनीवर पट्ट्यात लटकून त्याच कोलांटीची कितीतरी आवर्तनं होतात. मानेला, मनगटाला धक्का बसत नाही तो वेगळाच फायदा.

१९९० मध्ये सिएटलच्या गुडविल गेम्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिनं १० मीटर प्लॅटफॉर्म जिंकला, तेव्हा तिला बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. जानेवारी १९९१ मध्ये पर्थला जागतिक अजिंक्यपद, वय बारा. ते पाहून आंतरराष्ट्रीय जलक्रीडा महासंघ भानावर आला आणि नियम झाला: ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धेत उतरायचं तर त्या वर्षात वयाची १४ वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. फूचा चौदावा वाढदिवस ऑगस्ट १९९२ मध्ये येत होता, म्हणून बार्सिलोनाला तिला उतरता आलं. नियमाच्या दाराची फट तेवढीच होती.

बार्सिलोनाचा तो तलाव तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. मोंजुइकच्या टेकडीवर, उघड्यावर, आणि उडी मारणाऱ्याच्या मागे सगळं शहर पसरलेलं. छायाचित्रकारांची चंगळ, खेळाडूंची पंचाईत. फिरताना आम्ही डोळे मिटत नाही. प्रत्येक कोलांटीला एकदा पाणी दिसतं, त्यावरून गुंडाळलेलं शरीर कधी उघडायचं ते ठरतं. बंदिस्त तलावात वर छत, खाली पाणी, फरक स्पष्ट असतो. उघड्यावर वरही निळं आणि खालीही निळं. म्हणून तर पाण्यावर फवारे सोडून पृष्ठभाग खळबळता ठेवतात, म्हणजे पाणी कुठे सुरू होतं ते कळावं.

आणि हे सगळं किती वेळात? दहा मीटरवरून नुसतं खाली पडायला साधारण १.४ सेकंद लागतात आणि पाण्याशी पोहोचताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. उडीच्या उसळीनं आणखी थोडा वेळ मिळतो, पण फार नाही. तेवढ्यात अडीच-तीन कोलांट्या, मग शरीर उघडायचं, हात डोक्यावर, एका हातानं दुसरा पकडलेला, तळवा पाण्याला सपाट. बोटं टोकदार करून शिरायचं असतं असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा. सपाट तळवा पाण्यात पोकळी करतो आणि उरलेलं शरीर त्या पोकळीतून आत जातं. आत गेल्या गेल्या हात बाजूला फाकायचे, म्हणजे पाणी वर उसळण्याऐवजी खाली ओढलं जातं. बरोबर जमलं की कापड टर्रकन फाटल्यासारखा आवाज येतो. आम्ही त्याला ‘रिप’ म्हणतो. शिकवताना मी बऱ्याचदा पाठमोरी उभी राहते आणि नुसत्या आवाजावरून सांगते, पाय मागे पडले की पुढे.

२७ जुलै १९९२ ला फूनं ४६१.४३ गुण मिळवले. दुसरी आलेली येलेना मिरोशिना ४११.६३ वर होती. फरक ४९.८०. तेव्हा महिलांना प्लॅटफॉर्मवर ८ उड्या असत, म्हणजे फूची सरासरी एका उडीला ५७-५८ गुणांची पडते. जवळजवळ एक अख्खी उडी पुढे राहून ती जिंकली. चौदाव्या वाढदिवसाला वीस दिवस बाकी होते. तिच्याहून लहान वयात हा पराक्रम एकीनंच केला होता, अमेरिकेच्या मार्जोरी गेस्ट्रिंगनं, १९३६ च्या बर्लिनमध्ये. तीही डायव्हरच.

आता ज्या गोष्टीकडे कुणी बघत नाही ती सांगते. त्याच पदकमंचावर तिसरी उभी होती अमेरिकेची मेरी एलन क्लार्क. वय २९. पुढच्या ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी तिला चक्कर येण्याच्या विकारानं गाठलं, कित्येक महिने उड्या बंद होत्या, तरीही १९९६ ला अटलांटात तिनं त्याच प्लॅटफॉर्मवर पुन्हा कांस्यपदक घेतलं, तेहतिसाव्या वर्षी. म्हणजे ‘हा लहान मुलींचा खेळ’ म्हणणाऱ्यांना खोटं पाडणारी बाई फूच्या शेजारीच उभी होती, त्या फोटोत.

तरी लहान शरीराचा प्लॅटफॉर्मवर फायदा असतो हे खरंच आहे, आणि तो का असतो हे समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. कोलांटीत शरीर किती वेगानं फिरेल हे वजनापेक्षा ते वजन मध्यापासून किती लांब पसरलंय यावर जास्त ठरतं. मूल सगळ्या बाजूंनी सारखं वाढलं असं धरू. उंची १० टक्के वाढली की वजन साधारण ३३ टक्के वाढतं, पण फिरवायला होणारा विरोध तब्बल ६० टक्क्यांनी वाढतो. ताकद मात्र स्नायूच्या जाडीइतकीच, साधारण २० टक्के. हिशेब जुळत नाही. त्यात मुलींच्या वाढीच्या वयात शरीराचा तोलच बदलतो, कंबर-नितंबांची ठेवण बदलते, कालपर्यंत डोळे मिटून जमणारी उडी आज अपुरी राहते.

याबाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती इथे सांगायला हरकत नाही. माझी एक विद्यार्थिनी तेरा ते चौदा या एका वर्षात चांगली चार इंच वाढली. तिची मागे फिरणारी अडीच कोलांटी बिघडली. मी म्हटलं सराव कमी पडतोय. तिला जास्त वेळा वर पाठवलं. ती पाण्याला पाठीवर आपटायची, लाल चट्टे घेऊन बाहेर यायची आणि मुकाट्यानं पुन्हा जिना चढायची. एक हंगाम असा गेला. एके दिवशी ती सातव्या पायरीवर बसून राहिली, रडत वगैरे नव्हती, नुसती बसून. तेव्हा मला कळलं. तिला खाली तीन मीटर उंचीच्या लवचीक फळीवर, म्हणजे स्प्रिंगबोर्डवर आणली, जुन्या उड्या विसरायला लावल्या. वर्षभरात ती बोर्डवर अशी रमली की प्लॅटफॉर्मची आठवणही काढेना. पहिल्याच महिन्यात हे करायला हवं होतं.

फूच्या कारकिर्दीत हे स्थित्यंतर फार देखणं दिसतं. १९९२: फक्त प्लॅटफॉर्म. १९९४ ला रोममध्ये पुन्हा प्लॅटफॉर्मचं जागतिक विजेतेपद. १९९६ अटलांटा: प्लॅटफॉर्म आणि ३ मीटर स्प्रिंगबोर्ड, दोन्ही. २०००: फक्त स्प्रिंगबोर्ड. शरीर वाढत गेलं तशी ती प्लॅटफॉर्मवरून हळूहळू बोर्डवर उतरली.

यात अटलांटा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात अवघड. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. प्लॅटफॉर्म म्हणजे काँक्रीट, ते तुम्हाला काहीच देत नाही. तिथे झटक्यात रेटा द्यायचा आणि निघायचं. स्प्रिंगबोर्ड म्हणजे पावणेपाच मीटरहून थोडी लांब अॅल्युमिनियमची फळी. तिच्या टोकावर उतरलात की ती खाली जाते, तुम्हाला तिच्याबरोबर खाली जायचं असतं, आणि ती वर येईपर्यंत थांबायचं असतं. थांबायचं! प्लॅटफॉर्मवर वाढलेल्या मुलीला हेच जमत नाही. सवयीनं ती लवकर सुटते, फळी तिच्यामागून रिकामीच वर येते आणि उंची मिळत नाही. फळीच्या मधे एक दांड्याचा आधार असतो, तो पायानं चाक फिरवून पुढेमागे सरकवता येतो. मागे सरकवला की फळी मऊ आणि संथ, पुढे घेतला की ताठ. स्पर्धेत उडीआधी खेळाडू पायानं चाक फिरवताना दिसतात ते यासाठी. प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि शरीर बदललं की आकडाही बदलतो.

काही दिवसांच्या अंतरानं हे दोन वेगवेगळे ताल अंगात ठेवून फूनं प्लॅटफॉर्म ५२१.५८ गुणांनी जिंकला (दुसरी अॅनिका वॉल्टर ४७९.२२) आणि स्प्रिंगबोर्ड ५४७.६८ गुणांनी (दुसरी इरिना लाश्को ५१२.१९). एकाच ऑलिम्पिकमध्ये महिलांची ही दोन्ही सुवर्णं घेणारी त्याआधीची खेळाडू होती जर्मनीची इंग्रिड क्रेमर, १९६० च्या रोममध्ये. मधे छत्तीस वर्षं गेली होती. पदक घेताना फू अजून सतराच वर्षांची होती, अठरावा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर.

आणि मग ती थांबली. दमली होती. वर्षानुवर्षं रोजचे सहा-सात तास म्हणजे शरीर तर झिजतंच, पण त्याहून मनातली हौस आधी संपते. बीजिंगच्या छिंग्हुआ विद्यापीठात तिनं अर्थशास्त्र-व्यवस्थापनाला प्रवेश घेतला. अठराव्या वर्षी तीन ऑलिम्पिक सुवर्णं नावावर असलेल्या मुलीनं पहिल्यांदा वर्गात इतरांसारखं बसणं कसं असेल, याचा मी कधीकधी विचार करते.

इथे गोष्ट संपली असती तर मी पालकांना म्हटलं असतं, होय, तुमचं खरं आहे, लहानपणीच उरकून टाकायचा खेळ आहे. पण यू फेन यांनी छिंग्हुआमध्येच डायव्हिंगचा संघ उभा केला आणि १९९८ मध्ये फू पुन्हा तलावावर आली. या वेळी विद्यार्थिनी म्हणून, अभ्यास सांभाळून, आणि स्वतःहून. पहिल्या वेळी पाच वर्षांच्या मुलीला कुणीतरी हाताला धरून नेलं होतं.

दोन वर्षांच्या खंडानंतर परत येणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणं कठीण. कोलांटी शरीराला आठवते, ती लवकर येते. येत नाही ती हवेत आपण कुठे आहोत याची जाणीव. ती रोजच्या सरावानं टिकते आणि बंद पडली की आधी तीच जाते. एखादा खंडानंतर परत आलेला चांगला खेळाडू पहिल्या आठवड्यात साध्या उडीला पोटावर पडतो, आणि नवशिके चकित होऊन बघत राहतात. शिवाय मनगटं, खांदे आणि मान पाण्याचा मार विसरलेले असतात. डोळ्यांचंही तेच. उंचावरून पाण्यात शिरताना डोळ्यांच्या पडद्याला धक्का बसतो, वर्षानुवर्षं. हौशी पालक याबद्दल कधी विचारत नाहीत. विचारा, आणि दर वर्षी डोळे तपासून घ्या.

२८ सप्टेंबर २०००, सिडनी. वय २२. स्पर्धेत तिच्याशी खरी टक्कर तिच्याच देशाच्या अठरा वर्षांच्या ग्वो जिंगजिंगची होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये दोघींनी जोडीनं सिंक्रोनाइज्ड स्प्रिंगबोर्डचं रौप्य घेतलं. तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आला होता आणि सुवर्ण रशियाच्या वेरा इल्यिना आणि युलिया पाखालिना यांनी नेलं. वैयक्तिक स्पर्धेत फू ६०९.४२, ग्वो ५९७.८१. फरक ११.६१.

आता तिच्या चार सुवर्णांतले, दुसऱ्या क्रमांकापासूनचे हे चार फरक एकाखाली एक ठेवा: ४९.८०, ४२.३६, ३५.४९, ११.६१. आकडे बघणारा म्हणेल उतरती कळा. मला मात्र शेवटचा आकडा सगळ्यात मोठा वाटतो. तेरा वर्षांच्या मुलीला पन्नास गुणांची आघाडी तिच्या हलक्या शरीरानं आणि तिच्या प्रशिक्षणव्यवस्थेनं बरीचशी मिळवून दिली होती. अकरा गुणांची आघाडी बाविसाव्या वर्षीच्या बाईनं स्वतः मिळवली, वाढलेल्या शरीरानं, वेगळ्या साधनावर, मधे सगळं सोडून आल्यानंतर. (त्या त्या वर्षांचे एकूण गुण मात्र एकमेकांशी ताडू नका. उड्यांची संख्या वेगळी, आणि अटलांटा-सिडनीत उपांत्य फेरीचे गुणही धरले जात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चीनच्याच छ्वान होंगछाननं प्लॅटफॉर्मवर ५ उड्यांतच ४६६.२० केले.)

चार वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णं. डायव्हिंगमध्ये हा टप्पा तिच्याआधी अमेरिकेच्या पॅट मॅकॉर्मिक आणि ग्रेग लुगॅनिस या दोघांनीच गाठला होता. पुढे चीनच्याच वू मिनश्या आणि छेन रुओलिन यांची पाच-पाच सुवर्णं झाली, पण त्यांत जोडीनं मिळवलेली आहेत. सिडनीनंतर फू थांबली ती कायमची. २००२ मध्ये हाँगकाँगचे तेव्हाचे अर्थसचिव अँटनी लिअंग यांच्याशी तिचं लग्न झालं, मुलं झाली. आणि सिडनीत अकरा गुणांनी मागे राहिलेल्या ग्वोनं पुढची दोन्ही ऑलिम्पिक, २००४ आणि २००८, त्याच स्प्रिंगबोर्डवर जिंकली. दुसऱ्या वेळी तिचं वय २६ होतं.

छ्वान होंगछानचं उदाहरण आत्ताचं आहे म्हणून तेवढं घेते. टोकियोला १४ वर्षांची असताना तिच्या दोन उड्यांना सातही पंचांनी दहापैकी दहा दिले. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं पुन्हा प्लॅटफॉर्म जिंकला, पण ४२५.६० वर, आणि तिच्याच देशाची छेन यूशी ४२०.७० वर अगदी खेटून होती. मधल्या काळात ती वाढली होती. फूच्या बाबतीत जे झालं तेच.

आता तुमच्या मुलीकडे येते. अकरा म्हणजे उशीर नाही. जागतिक प्लॅटफॉर्मचं स्वप्न असेल तर चीनच्या मुली तिच्याहून पाच वर्षं पुढे आहेत, ते खरं. पण स्प्रिंगबोर्डवर मोठं झालेलं शरीर आणि पायांची ताकद उपयोगी पडते, आणि तिथे पंचविशीपर्यंत सहज वाव आहे. पहिली दोन वर्षं तिला एक मीटर आणि तीन मीटरवर राहू द्या. प्रशिक्षक पहिल्या महिन्यात तिला दहा मीटरवर उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढत असतील तर दुसरा प्रशिक्षक बघा. पाण्याबाहेरचा सराव किती आहे ते विचारा. आठवड्यातला निम्मा वेळ तरी जमिनीवर जायला हवा. दर तीन महिन्यांनी उंचीची नोंद ठेवा आणि ती प्रशिक्षकांना दाखवा. उंची झपाट्यानं वाढतेय असं दिसलं की नवी उडी शिकवू नका म्हणावं, जुन्या सोप्या उड्यांवर थांबा. वजनावरून तिला कुणी बोलत असेल तर मात्र तुम्ही मधे पडा. या खेळात मुली त्यावरूनच जास्त सोडून जातात.

आणि तिला पोहायला येतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर आधी चार महिने तेच. कमरेला दोरी बांधणारे दिवस गेले.